‘डॉट कॉम’ मिळाले नाही, तर कोणते नाव घ्यावे?

चेन्नई : नवे संकेतस्थळ सुरू करू पाहणाऱ्याला हवे असलेले नाव ‘डॉट कॉम’मध्ये बहुधा आधीच कोणीतरी घेतलेले असते. मग नोंदणी कंपनीच्या पानावर त्याच नावापुढे ‘डॉट इन’, ‘डॉट शॉप’, ‘डॉट एआय’, ‘डॉट ऑनलाइन’ असे पर्याय झळकतात आणि निवड बहुतेकदा केवळ किंमत पाहून होते. वास्तविक नावाचा हा शेवटचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, त्या नावावर कोणाचे नियम चालतील आणि तंटा उद्भवल्यास तो कोठे सोडवला जाईल, हे ठरवत असतो. याबाबतचे काही महत्त्वाचे धडे चेन्नईतील कंपन्यांच्या अनुभवातून मिळालेले आहेत.

पहिला धडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चेन्नईस्थित सत्यम इन्फोवे कंपनीने १९९९ मध्ये ‘सिफी’ या आपल्या घडवलेल्या शब्दावरून ‘सिफीनेट डॉट कॉम’सह अनेक नावे नोंदवली होती. २००१ आणि २००२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने इंग्रजीत ‘एफ’ हे एक अक्षर वाढवून जवळजवळ तेच नाव ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’ या दोन्हींत घेतले. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने मनाई हुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उठवला आणि ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. डोमेन नाव हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नसून व्यवसायाची ओळख आहे, सबब त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा या निकालाचा आशय होता. एखादे प्रसिद्ध नाव दुसऱ्या एक्स्टेन्शनमध्ये मोकळे दिसले, म्हणून ते वापरण्याचा अधिकार मिळत नाही, ही गोष्ट नव्या व्यावसायिकांनी आधी ध्यानात घ्यावी. ज्याचे नाव पळवले गेले आहे, त्याच्यासाठीही हा निकाल आधार आहे.

‘डॉट कॉम’संबंधीच्या तक्रारी ‘आयकॅन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या धोरणानुसार जागतिक बौद्धिक संपदा संघटनेसारख्या संस्थांपुढे चालतात आणि त्यांचे शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. ‘डॉट इन’चा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, अर्थात ‘निक्सी’कडे आहे. तेथील तंटे भारतीय लवाद कायद्याच्या चौकटीत सुटतात. नोंदणीदाराची ओळख झाकणाऱ्या प्रॉक्सी सेवेला मात्र ‘डॉट इन’मध्ये मुभा नाही. ज्यांचे ग्राहक प्रामुख्याने भारतात आहेत, अशा दुकानदार, संस्था वा प्रकाशकांसाठी ‘डॉट इन’ ही दुय्यम नव्हे, तर पहिली पसंती ठरावी, इतकी ही व्यवस्था सोयीची आहे.

दोन अक्षरी एक्स्टेन्शनच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी, कारण ती देशांची किंवा प्रदेशांची असतात. ‘डॉट एआय’ कृत्रिम बुद्धिमत्तेचे नव्हे, तर कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाचे आहे. तंत्रज्ञान कंपन्यांचे आवडते ‘डॉट आयओ’ हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे. या प्रदेशातील चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या. या हस्तांतरणामुळे या एक्स्टेन्शनच्या भवितव्याचीही चर्चा झाली.

एक्स्टेन्शन विश्वासाची खूणही ठरू शकते. बनावट संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जाण्यास सांगितले होते. चेन्नईत मुख्यालय असलेल्या इंडियन बँक आणि इंडियन ओव्हरसीज बँकेलाही हा आदेश लागू होता. हे नाव कोणालाही विकत मिळत नाही. चेन्नईशी जोडलेल्या टीव्हीएस समूहाने तर स्वतःचे ‘डॉट टीव्हीएस’च मिळवले. पण त्या २०१२ च्या फेरीत अर्जाचे शुल्कच १ लाख ८५ हजार डॉलर होते, त्यामुळे ती वाट लहान व्यावसायिकांची नव्हे.

मराठी वाचकांना ‘डॉट भारत’चे आकर्षण स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेले हे देवनागरी एक्स्टेन्शन मराठी, हिंदी, कोकणीसह अनेक भाषांना चालते. तमिळमध्ये त्याच धर्तीवर ‘भारत’ऐवजी ‘इंदिया’ हा शब्द आहे. अडचण अशी की, संगणक देवनागरी नावाचे आतल्या आत रोमन अक्षरांच्या अगम्य मालिकेत रूपांतर करतो. काही ईमेल सेवांत आणि अर्जांत तीच मालिका दिसते किंवा पत्ता सरळ नाकारला जातो. त्यामुळे ‘डॉट भारत’ जरूर घ्यावे, पण तूर्त मुख्य नावाच्या जोडीला.

एक्स्टेन्शन उत्तम असले, तरी नोंदणी कंपनी निवडताना चूक झाल्यास काय होते, याचे उदाहरण झोहोचे आहे. २४ सप्टेंबर २०१८ रोजी या चेन्नईच्या सॉफ्टवेअर कंपनीचे ‘झोहो डॉट कॉम’ हे नाव तिच्या अमेरिकी नोंदणी कंपनीने फिशिंगच्या तक्रारींवरून बंद केले. तक्रारी अवघ्या तीन होत्या, असे झोहोचे म्हणणे होते. सर्व्हर सुरू असूनही पत्ताच नाहीसा झाल्याने जगभरातील ग्राहकांचे काम काही तास अडले आणि तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी श्रीधर वेंबू यांना ट्विटरवरून मदत मागावी लागली. ‘डॉट इन’ घेतले असते, तरी नोंदणी कंपनीची अशी कारवाई टळलीच असती असे नाही. म्हणून तक्रार आल्यास आधी ग्राहकाशी बोलणारी आणि दूरध्वनीवर माणूस भेटेल अशी नोंदणी कंपनी शोधणे गरजेचे आहे. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर आधी विचारावा, कारण नाव कायमचे विकत मिळत नाही. ‘डॉट कॉम’ काय किंवा ‘डॉट इन’ काय, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची नोंदणी होते. शिवाय नोंदणी खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडले, तर त्याची सूचनाही पोहोचणार नाही.