पटावर बसताना डबा सोबत ठेवा

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बुद्धिबळ स्पर्धा होती आणि आम्ही तिघांनी त्यात नावं दिली. आमच्यातला एक ग्रंथालयात परिचर आहे, सांगलीकडचा. दुसरा परीक्षा विभागात लिपिक, साताऱ्याचा. तिसरा प्रयोगशाळेत. तिघांनीही चाळिशी ओलांडली आहे, आणि तिघांपैकी दोघांना रोज सकाळी गोळी घ्यावी लागते. एकाला साखरेची, एकाला बीपीची.

आरोग्याच्या पानावर बुद्धिबळ कुठून आलं, असं काही जणांना वाटेल. आम्हालाही चौथ्या फेरीपर्यंत तसंच वाटत होतं.

स्पर्धा एका दिवसाची. सहा फेऱ्या, प्रत्येक खेळाडूला २५ मिनिटं. म्हणजे एक डाव पन्नास मिनिटांपर्यंत चालतो, आणि सहा डाव म्हटले की पाच तास खुर्चीवर. त्यात भीमजयंती जवळ आलेली. वस्तीत पताका, मंडप, वर्गणीचा हिशेब यात आदल्या रात्री दीड वाजला. सकाळी नऊला पहिला डाव. ग्रंथालयवाल्या आमच्या भावाने सहा वाजता साखरेची गोळी घेतली, चहात दोन बटर बुडवून खाल्ले आणि एसटी धरली. घरून डबा दिला होता, पण तो पिशवीत आणि पिशवी हॉलच्या बाहेर.

चौथी फेरी सुरू झाली तेव्हा सव्वा वाजून गेला होता. समोर एका विभागाचे प्रमुख. आमचा भाऊ वर्षानुवर्षं सभांमध्ये त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवत आला आहे. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे की शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे, आणि नळाला हात लावायची मुभा नसल्याने शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही मिळत नसे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं, तिला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. हे आपल्या पोरांनाही पाठ असतं. त्यामुळे तो डाव आमच्यासाठी नुसता डाव नव्हता. एकाच उंचीच्या दोन खुर्च्या होत्या आणि दोघांना सारखीच मिनिटं. आणि आमचा भाऊ जिंकत होता. एक हत्ती वर, वजीर मोकळा.

मग त्याचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम. उंट उचलला, कुठे ठेवायचा ते सुचेना. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते, म्हणून त्याने तो कसाबसा एका घरात ठेवला आणि हत्ती गमावला. आमचे दोघांचे डाव संपले होते, आम्ही मागे उभे होतो. आम्हाला वाटलं, साहेब समोर आहेत म्हणून घाबरला. खोटं कशाला बोलायचं, आम्हाला त्याचा थोडा रागही आला. एवढं जिंकत आणून आता कच खातो म्हणून.

तो मान खाली घालून बसला तेव्हा पंचांना शंका आली. त्यांनी घड्याळ थांबवलं. बाहेर आणून बसवल्यावर कोणीतरी पेढा पुढे केला, तर दुसऱ्याने हात धरला, "अहो, शुगर आहे त्यांना, गोड देऊ नका!" यात आणखी काही मिनिटं गेली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने येऊन बोट टोचलं तर साखर ५८. त्यांनी पाण्यात साखर घोळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग डबा खायला लावला. अर्ध्या तासात तो नीट बोलायला लागला. पहिलं वाक्य, "माझा हत्ती कुठे गेला?"

आता नीट सांगतो, कारण हा गैरसमज आपल्या घराघरात आहे. मधुमेह म्हणजे रक्तातली साखर वाढण्याचा आजार, हे खरं. पण इन्सुलिन किंवा काही प्रकारच्या गोळ्या घेतल्या आणि वेळेवर जेवण झालं नाही, तर तीच साखर खाली घसरते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं, भूक लागते, माणूस चिडचिडा होतो, गोंधळतो. अशा वेळी त्याला गोडच द्यायचं. तीन चमचे साखर पाण्यात घोळून, किंवा अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर भाकरी-पोळी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर साखर परत उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, घशात अडकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. सगळ्याच गोळ्यांनी साखर अशी उतरत नाही. आपली गोळी कोणती, ती जेवणाआधी की नंतर, जेवण चुकलं तर काय करायचं, हे डॉक्टरला तोंड उघडून विचारायचं. आमच्या भावाला आठ वर्षं गोळी चालू होती, त्याने एकदाही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं, ही दुसरी बाजू.

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण ६ डिसेंबरच्या भाषणात सांगतो. घरातल्या माणसाची साखर मात्र मोजत नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी आणि साखर सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. अर्धा दिवस मोडतो, हे खरं आहे.

लिपिक भावाचीही गोष्ट सांगायला हवी. तो बीपीवाला. त्याला डाव अडला की मावा लागतो. सांगली-मिरजेकडच्या माणसाला मावा काय ते सांगायला नको. त्या दिवशी त्याने तीन पुड्या संपवल्या. बुद्धिबळात अंग हलत नाही म्हणून काळीज शांत असतं असं नाही. घड्याळाची मिनिटं संपत आली की नाडी पळते, दाब चढतो, आणि तंबाखू त्यात भरच घालते. १९८४-८५ साली मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव यांचा जगज्जेतेपदाचा सामना पाच महिने चालून ४८ डावांनंतर थांबवावा लागला. तोवर कार्पोवचं वजन दहा किलोंनी उतरलं होतं, असं तेव्हा छापून आलं होतं. आमचा लिपिक भाऊ म्हणतो, आमचं तर एकही किलो उतरत नाही. उतरणार कसं? पाच तास बसून दोन वडापाव. मोठ्या माणसाला आठवड्यात किमान दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं हवं, आणि बुद्धिबळ त्यात मोजलं जात नाही. आता आम्ही फेरी संपली की हॉलला दोन चकरा मारतो आणि पाणी पितो. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळणारे, विशेषतः बायका, एप्रिलच्या उन्हात स्वतःचं नुकसान करून घेतात.

विहारात ही हकीकत सांगितली तेव्हा एक आबा उठले. म्हणाले, भगवंतांनी आठ घरांच्या पटाचा खेळ वर्ज्य सांगितलाय, तुम्ही विहारात कुठे आणता? आबांचं वाचन पक्कं आहे. दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात खेळांची यादी आहे आणि तिच्यात अष्टपद, दशपद येतात. पण ती श्रमणांच्या शीलाची गोष्ट आहे. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्त आहे, आणि तिथे बोट ठेवलं आहे ते जुगारावर. जिंकणारा वैर कमावतो, हरणारा धनासाठी झुरतो, आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही, असे सहा तोटे तिथे मोजले आहेत. आपल्या वस्तीत पत्त्यांचा फड आणि मोबाइलवरचा पैशाचा खेळ यांनी किती घरं बसवली, ते आबांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तासभर वाद झाला. शेवटी आबांनी अट घातली : पैसे लावायचे नाहीत, आणि वंदना झाल्याशिवाय पट उघडायचा नाही.

सांगली ही बुद्धिबळाची जुनी पेठ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथे हा खेळ रुजवला, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना बाहेरून खेळाडू येत राहिले. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या राष्ट्रीय विजेत्या सांगलीच्याच. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून वस्तीतल्या मुलीही पट मागतात. प्लास्टिकच्या सोंगट्या आणि रेक्झिनचा पट काही फार महाग नाही. 'मेंदू तल्लख करतो' म्हणून हजारो रुपये घेणारे क्लास निघालेत, त्यांच्या नादी मात्र लागू नका. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांची पाहणी झाली होती, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. वाचन करणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या म्हाताऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसला. पण खेळामुळे आजार टळला, की ज्यांचं डोकं ठीक होतं तेच खेळत राहिले, हे त्यावरून ठरत नाही. आमच्या आबांना मात्र रविवारी चार माणसांत बसायला मिळतं. पत्नी गेल्यापासून ते दिवसभर गप्प असायचे. आता ते कोणाचं प्यादं चुकलं हे मोठ्याने सांगतात, अगदी न विचारता.

त्या दिवशीचा डाव आमचा भाऊ हरला. पंचांनी डाव पुढे चालू ठेवायची तयारी दाखवली होती, विभागप्रमुखांनीही बरोबरी मान्य करतो म्हटलं, पण हत्ती गेल्यावर बरोबरी घेणं त्याला पटलं नाही. आता त्याच्या शर्टाच्या खिशात कायम साखरेची पुडी असते. कसंतरी वाटायला लागलं तर आपलं घड्याळ चालू असतानाही ते थांबवून पंचांना बोलावता येतं, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. नियम वाचले नव्हते, उतरलो होतो.

एक गोष्ट राहिली. हॉल झाडून खुर्च्या लावणाऱ्या दोन ताई आमच्याच वस्तीतल्या, विहारात आमच्यापेक्षा बऱ्या खेळतात. त्या ठेकेदाराकडे आहेत, म्हणून 'कर्मचारी' या यादीत त्यांचं नाव बसत नाही, असं नावनोंदणीच्या वेळी सांगण्यात आलं. आरोग्य केंद्रातल्या तपासणीलाही हीच यादी लागते. आम्ही दोन्हींसाठी एकच अर्ज दिला आहे. आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर अजून आलेलं नाही.