गर्भनलिका काढल्यावर काय होते?

भगिनींनो, गर्भनलिका काढल्या की पाळी जाते, बाई लवकर म्हातारी होते, असे आपल्याकडच्या आजीबाई अजून सांगतात. तसे काही नाही. अंडाशय जागेवरच राहतात, म्हणून पाळी पूर्वीसारखीच येते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर दोन-तीन लहान छेद असतात. बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. पोटात भरलेल्या वायूमुळे काही दिवस खांदा दुखतो. पोटाचे ऑपरेशन आणि दुखतो खांदा, म्हणून घाबरू नये. आठवडा-दोन आठवडे पाण्याची बादली नवऱ्याने उचलावी! ताप, वाढती पोटदुखी किंवा फार रक्तस्राव झाल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.

एकच नलिका काढली असेल तर दुसरीतून दिवस राहू शकतात. दोन्ही काढल्यावर मात्र आपोआप राहत नाहीत आणि त्या परत बसवता येत नाहीत. सही करण्यापूर्वी किती काढणार, हे विचारून घ्यावे.