अँटीबॉडी मण्यांवर चिकटवताना माझं काय चुकलं?

ताप आला की डॉक्टर 'सीआरपी करून घ्या' म्हणतात ना, त्या टेस्टची लॅबमधली जुनी, सोपी पद्धत आज सांगतो. काळ्या काचपट्टीवर सीरमचा एक थेंब, त्यात दुधासारख्या पांढऱ्या द्रवाचा एक थेंब. दोन मिनिटं पट्टी गोल गोल हलवायची. रवाळ दिसलं की सीआरपी वाढलंय.

त्या पांढऱ्या थेंबात पॉलिस्टायरीनचे मणी असतात. साधारण अर्ध्या मायक्रॉनचे. तुमच्या एका केसाच्या जाडीत शंभर सहज ओळीने बसतील. प्रत्येकावर सीआरपीला धरणाऱ्या अँटीबॉडी. सीआरपीचा रेणू म्हणजे पाच सारख्या तुकड्यांचं कडं, त्यामुळे तो एकाच वेळी दोन मण्यांना अडकतो आणि गठ्ठे होतात. १९५६ साली सिंगर आणि प्लॉट्झ यांनी संधिवाताच्या टेस्टसाठी असेच मणी वापरले होते.

एमएस्सीला असताना हे मणी मी स्वतः बनवले. वाटलं, यात काय अवघड! पॉलिस्टायरीन आणि पाण्याचं जमत नाही, म्हणून प्रोटीन त्याला आपसूक चिकटतं. मणी आणि अँटीबॉडी बफरमध्ये एकत्र केले, तासभर हलवले, सेंट्रिफ्यूज करून धुतले. पट्टीवर आधी नुसतं सलाइन घेतलं. आणि बघतो तर काय, त्यातही रवाळ! म्हणजे माझी बॅच धडधाकट माणसालाही आजारी ठरवणार.

मी ब्लॉकिंग गाळलं होतं. अँटीबॉडीच्या मध्ये मध्ये मण्याची जागा उघडी राहते. ती बीएसएने, म्हणजे गाईच्या रक्तातल्या प्रोटीनने, झाकावी लागते. नाहीतर तिथे काहीही येऊन चिकटतं. शिवाय मण्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारा विद्युतभार सलाइनमधलं मीठ झाकून टाकतं, मग मणीच एकमेकांना बिलगतात.

दुसरी भानगड दिशेची. अँटीबॉडी वाय अक्षरासारखी, पकडणारे दोन्ही हात बाहेर हवेत. पण नुसतं चिकटवलं तर कुणी उभी, कुणी पालथी. पालथी पडली ती बहुतेक वाया. कार्बॉक्सिल गट असलेले मणी घेतले तर ईडीसी नावाच्या रसायनाने बंध पक्का करता येतो, अँटीबॉडी सुटून येत नाही. दिशा मात्र तरीही बरीचशी नशिबावरच, बरं का.

दुसऱ्या खेपेला मणी रात्रभर बीएसएमध्ये ठेवले. सकाळी सलाइनमध्ये थेंब अगदी एकसंध. सीआरपी असलेलं सीरम टाकलं, तर दोन मिनिटांत रवा! सरांनी पट्टी दिव्याखाली तिरकी धरून पाहिली आणि म्हणाले, "आता तिसरी बॅच कर. तीही अशीच आली तर मानतो."