स्वयंसेवक सांभाळणं शिकावं लागतं

रविवारी सकाळी वृक्षारोपणाला पन्नास मुलं उत्साहानं येतात. खड्डे वीसच खणलेले, कुदळी चार. दहा जण राबतात, बाकीचे सावलीत उभे राहून फोटो काढतात आणि अकराच्या सुमारास पांगतात. पुढच्या रविवारी निम्मेही फिरकत नाहीत. मग संस्थेत सूर निघतो, ‘आजकालच्या पोरांना सामाजिक भानच नाही.’ मुलं तर आली होती. कमी पडलं ते नियोजन. माणसं जोडणं, त्यांना झेपेल असं काम देणं आणि त्यांना टिकवणं हे कसब आहे आणि ते शिकून घेता येतं.

आपल्याकडे या कसबाची खरी परीक्षा होते ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांची. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. साधारण शंभर विद्यार्थ्यांच्या एककामागे एक प्राध्यापक. विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. एरवी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसावर एकदम पन्नासेक मुलामुलींचा मुक्काम, जेवण आणि सुरक्षितता येऊन पडते. जाणता अधिकारी आधी गावात जातो, ग्रामपंचायतीत बसून गावाला काय हवंय ते विचारतो. भोजन, स्वच्छता, श्रमदान अशा समित्या मुलांच्याच हाती सोपवतो. रात्री सगळ्यांना गोल बसवून दिवसाचा आढावा घेतो. उद्या काय बदलायचं ते मुलंच सांगतात. अशा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी योजनेनं संस्था नेमलेल्या आहेत. तिथे जाणं म्हणजे नुसती हजेरी लावणं नव्हे, हे महाविद्यालयांनी मनावर घ्यायला हवं.

दुसरं उदाहरण ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेनं २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाचं. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. दोघादोघांच्या जोड्या दारोदार जाऊन बघतात की मुलाला सोपा परिच्छेद वाचता येतो का, हातच्याची वजाबाकी जमते का. यातले बरेच जण स्थानिक महाविद्यालयांतले विद्यार्थी असतात. त्यांना वर्गात शिकवतात, प्रत्यक्ष गावात सराव करून घेतात आणि नंतर काही गावांत फेरतपासणीही होते. त्यांच्या आकडेवारीवर देशभर चर्चा होते, ती या तयारीमुळे.

परदेशात स्वयंसेवक सांभाळण्याच्या या कामाला व्यवसायाचं रूप आलं आहे. अमेरिकेत सुझन एलिस यांनी १९७७ मध्ये फिलाडेल्फियात ‘एनर्जाइज’ ही संस्था काढली आणि पुढची चार दशकं याच विषयावर लिहिलं, शिकवलं. स्वयंसेवकांचा विचार संस्थेच्या सर्वोच्च पातळीवर झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तिथे ‘सीव्हीए’ नावाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी कामाचा अनुभव लागतो आणि परीक्षाही द्यावी लागते. ब्रिटनमध्ये स्वयंसेवक-व्यवस्थापकांची स्वतंत्र संघटना आहे. ५ नोव्हेंबर हा अशा व्यवस्थापकांचा आंतरराष्ट्रीय दिवस.

यातलं बरंचसं साहित्य इंग्रजीत आहे, पण त्याचं सार कोणत्याही तालुक्यात वापरता येईल. स्वयंसेवकाला बोलावण्याआधी त्याचं काम एका कागदावर लिहा: काय करायचं, किती वेळ, अडलं तर कुणाला विचारायचं. पहिल्या दिवशी संस्थेची ओळख करून द्या. तासांची नोंदवही ठेवा. त्याच्या कामामुळे काय घडलं ते त्याला आवर्जून कळवा. कुणी सोडून गेलं तर फोन करून कारण विचारा आणि पुढच्या वेळी त्यात सुधारणा करा. एकाच शहरातल्या रक्तपेढी, वाचनालय, वृद्धाश्रम, गणेश मंडळ यांच्या समन्वयकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. तेवढ्यातूनही शिकण्याची सोय होते, खर्च चहापुरता.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठीचं आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. या निमित्तानं सत्कार होतील, शाली-श्रीफळ दिले जातील. त्यासोबत प्रत्येक संस्थेनं वार्षिक अंदाजपत्रकात ‘समन्वयकाचं प्रशिक्षण’ या नावानं रक्कम धरावी, लहान असली तरी चालेल. लोक आपल्याला स्वतःचा वेळ विनामोबदला देतात. तो वाया जाऊ न देणं हे संस्थेचं कर्तव्य आहे.