डीएसएलआर कॅमेरा वेबकॅम म्हणून : दीर्घ सत्रांसाठी कोणती काळजी घ्यावी?

दोन तासांचा ऑनलाइन वर्ग रंगात आलेला असताना अचानक शिक्षकांचे चित्र नाहीसे होते. संगणक सुरू असतो, इंटरनेट सुरू असते, आवाजही ऐकू येत असतो. बंद पडलेला असतो तो केवळ कॅमेरा. डीएसएलआर कॅमेऱ्याचा वेबकॅम म्हणून उपयोग करणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. थोडी पूर्वतयारी केल्यास तो टाळता येतो.

कोरोना साथीच्या काळात, २०२० मध्ये, शाळा आणि कार्यालयांचे कामकाज संगणकाच्या पडद्यावर आले आणि वेबकॅमचा तुटवडा निर्माण झाला. त्या वेळी कॅननने एप्रिलमध्ये, फुजीफिल्मने मे महिन्यात, तर निकॉन आणि सोनी यांनी ऑगस्टमध्ये कॅमेरा यूएसबी तारेने संगणकाला जोडून वेबकॅमसारखा वापरता येईल अशी सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिली. घरात पडून असलेल्या कॅमेऱ्यांना त्यामुळे नवे काम मिळाले.

चित्र सरस का दिसते?

कॅनन ईओएस १५००डी या प्राथमिक श्रेणीतील कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटर आकाराचा आहे. साध्या वेबकॅमचा सेन्सर याच्या तुलनेत अगदीच लहान असतो. मोठा सेन्सर अधिक प्रकाश टिपतो, त्यामुळे अपुऱ्या उजेडातही चेहरा स्वच्छ दिसतो.

वीज आणि उष्णता

डीएसएलआरची रचना मुळात क्षणभराच्या छायाचित्रासाठी झालेली आहे. छायाचित्र घेताना आतील आरसा क्षणभर वर जातो आणि सेन्सरवर प्रकाश पडतो. वेबकॅम म्हणून वापरताना मात्र आरसा सतत वर राहतो आणि सेन्सर अखंड काम करतो. परिणामी बॅटरी लवकर संपते आणि कॅमेरा तापतो. तापमान फार वाढल्यास कॅमेरा स्वतःच्या संरक्षणासाठी बंद होतो.

बॅटरीच्या जागी बसणारी आणि घरातील विजेवर चालणारी नकली बॅटरी हा यावरील खात्रीचा उपाय आहे. ती आपल्या मॉडेलसाठीच बनवलेली असावी. वीज गेल्यास कॅमेरा त्याच क्षणी बंद पडतो, म्हणून ही जोडणी यूपीएसवर घ्यावी. कॅमेरा उन्हात ठेवू नये, त्याच्याभोवती हवा खेळती ठेवावी आणि मागील पडदा बाहेर वळत असल्यास तो शरीरापासून दूर ठेवावा.

वेळेच्या मर्यादा

अनेक कॅमेऱ्यांत चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबते. सलग ३० मिनिटे किंवा अधिक चित्रीकरण करणारे कॅमेरे युरोपीय संघाच्या सीमाशुल्क नियमांत व्हिडिओ कॅमेरे गणले जात, हे त्यामागील प्रमुख कारण. वेबकॅमसाठी कार्डवर चित्रीकरण करण्याची गरज नसल्याने ही मर्यादा सहसा आड येत नाही. मात्र ‘ऑटो पॉवर ऑफ’ आणि ‘लाइव्ह व्ह्यू’ची कालमर्यादा मेनूत जाऊन बंद करावी किंवा शक्य तितकी वाढवावी.

जोडणी, प्रकाश आणि आवाज

यूएसबीचा मार्ग स्वस्त आहे, पण त्यात चित्राचा दर्जा काहीसा घटू शकतो. एचडीएमआय तार आणि कॅप्चर कार्ड वापरल्यास अधिक स्पष्ट चित्र मिळते. त्यासाठी कॅमेऱ्यातून अक्षरे व चिन्हे नसलेले चित्र बाहेर पडते का, हे आधी तपासावे.

भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. शटरचा वेग १/५० ठेवल्यास चित्रातील लुकलुक टळते. लेन्सचे छिद्र फार मोठे ठेवू नये. अन्यथा वक्ता जरा पुढे झुकला तरी चेहरा अस्पष्ट होतो. साधारण एफ/४ हे मूल्य सोयीचे ठरते. आवाजासाठी स्वतंत्र मायक्रोफोन वापरावा, कारण यूएसबी मार्गाने बहुधा केवळ चित्रच पोहोचते.

मुख्य सत्राच्या आदल्या दिवशी, त्याच खोलीत आणि त्याच प्रकाशात, सत्राइतकाच वेळ कॅमेरा सुरू ठेवून चाचणी घ्यावी. पाच मिनिटांच्या चाचणीत उष्णतेचा आणि बॅटरीचा दोष उघड होत नाही. एखादा साधा वेबकॅमही संगणकाला जोडून ठेवावा. ऐनवेळी कॅमेऱ्याने साथ सोडली, तरी वर्ग थांबणार नाही.