एकशे सत्त्याहत्तर अंशांच्या आसपास

सकाळी 7. साताऱ्यातली आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा. तांब्याच्या दोन ठोकळ्यांमध्ये सिल्व्हर सल्फाइडची वडी बसवून हीटर लावला. चांदीवर चढणारा काळा थर याच संयुगाचा. तापवल्यावर याची विद्युतवाहकता धातूंसारखी घटत नाही, उलट वाढते, हे फॅरेडेने 1833 साली नोंदवलं.

9 ते 11. बी.एस्सी.चे तास.

साडेअकरा. वडी 150 अंशांवर. आता घाई नाही. सुमारे 177 अंश सेल्सिअसला स्फटिकाची रचना पालटते. गंधकाचे अणू घनाकृती चौकट धरतात आणि चांदीचे आयन त्या चौकटीत जागा बदलत फिरू लागतात. उष्णता वाहून नेणारी अणूंची कंपनं त्यामुळे विस्कटतात. त्याच वेळी विद्युतवाहकता उसळते, म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त उष्णता नेऊ लागतात. थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेची वीज करणाऱ्या, पदार्थाकडून आपल्याला हवं असतं ते वीज भरपूर आणि उष्णता थोडी. म्हणून कंपनं आणि इलेक्ट्रॉन या उष्णतेच्या दोन्ही वाटांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो.

दुपारी 1. डबा खाताना विट्याहून काकांचा फोन. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली. काकांचं आयुष्य केरळात मुशीपुढे गेलं. "काय रं, आमी चांदी पांढरी करण्यात जल्म घालवला, आन् तू काळी तापवतुयास?" म्हटलं, यातून उष्णतेची वीज होईल का ते बघतोय. "मग नीट बघ," म्हणाले.

3 वाजता. एम.एस्सी.ची विद्यार्थिनी बाहेरून मोजून आलेला आलेख घेऊन आली. "सर, 177 ला उष्णतावहन एकदम पडलंय!" मोजणी लेझर झोताची. वडीच्या एका बाजूवर झोत मारायचा आणि दुसरी बाजू किती वेळात तापते ते पाहायचं. पण रचना पालटत असताना उष्णतेचा मोठा वाटा त्या पालटण्यातच खर्ची पडतो. मागची बाजू उशिरा तापते आणि उष्णता अडली असं वाटतं. त्या तापमानाला वाढलेला विशिष्ट उष्मा गणितात धरला नाही, तर वहन खोटंच कमी दिसतं, पदार्थ उगाच गुणी ठरतो. अशा आकड्यांवर विसंबून कुणीतरी पुढची वर्षं घालवतं, म्हणून याबाबतीत मी कडक आहे. गणित तिने पुन्हा मांडायला घेतलं.

आमची पद्धत संथ. उष्णतेचा प्रवाह स्थिरावेपर्यंत थांबायचं, मगच वाचन घ्यायचं. दोन टोकांतला फरकही एक-दोन अंशांचाच ठेवायचा. जास्त ठेवला तर एक टोक पालटलेलं, दुसरं जुन्याच रचनेत, आणि आकडा धड कशाचाच नाही.

रात्री 8. आता उतरती फेरी. थंड होताना रचना जरा खालच्या तापमानाला परत पालटते, म्हणून ही वाचनं वेगळ्या शाईने. वडी निवली की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या कडा तपासायच्या. चांदीचे तंतू बाहेर आलेले दिसले, तर आजची सगळी वाचनं बाद.