दार आणि चाक यांच्यामधले इंच

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेतील ज्या घरी एक मोटार होती तिथे हळूहळू दुसरी आली, आणि बाजारहाटाची, मुलांना शाळेत पोहोचविण्याची व सहकुटुंब प्रवासाची जिम्मेदारी पहिलीने उचलल्यावर ही दुसरी केवळ मालकाच्या मर्जीची असावी, अशी आकांक्षा सुस्थित वर्गात बळावत गेली. त्या आकांक्षेतून लांब बॉनेटच्या, आखूड डिकीच्या, दोनच दारांच्या आणि आतून आलिशान अशा गाड्यांची जी परंपरा निर्माण झाली, ती ‘पर्सनल कूपे’ या नावाने ओळखली जाते.

तिचा आरंभ फोर्डच्या थंडरबर्डपासून धरतात. 1955 साली ती दोन आसनांची होती. देखणी खरी, परंतु खप बेताचा. कंपनीचे तेव्हाचे एक बडे अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा, जे पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री म्हणून जगाला ठाऊक झाले, त्यांनी चार आसनांच्या गाडीचा आग्रह धरला आणि 1958 साली तशी गाडी बाजारात रुजू झाली. जुन्या रसिकांना हा बदल रुचला नाही. पण 1957 साली जी गाडी सुमारे 21 हजार निघाली होती, तीच 1960 मध्ये 90 हजारांच्या वर गेली.

जनरल मोटर्सने दिलेले उत्तर मात्र सौंदर्याच्या कसोटीवर थंडरबर्डला मागे टाकणारे होते, असे माझे ठाम मत आहे. कंपनीच्या रचना विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांनी लंडनच्या धुक्यात पाहिलेल्या एका रोल्स रॉइसच्या धारदार कडांची आठवण मनात जपली होती, आणि त्यांचे सहकारी नेड निकल्स यांच्या रेखाटनात त्या कडा उतरल्या. मूळ बेत कॅडिलॅकसाठी होता. कॅडिलॅकने तो नाकारला, तेव्हा इतर शाखांमध्ये त्यासाठी चढाओढ लागली आणि ब्यूकने बाजी मारली. 1963 ची ही ब्यूक रिव्हिएरा पहिल्या वर्षी ठरवून 40 हजारच काढण्यात आली. दारांच्या काचांना धातूची चौकट नसल्यामुळे काच खाली गेली की बाजूची संपूर्ण रेषा मोकळी होई. आणि दार लांब असल्याने आतून एक मूठ पुढे व दुसरी मागे बसविलेली होती, म्हणजे मागे बसलेल्या पाहुण्याला उतरताना पुढच्याकडे याचना करावी लागू नये. एवढा विचार ज्या वस्तूत केलेला असतो तिच्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

या रिव्हिएराची बॉडी तिची एकटीची होती, आणि हीच चैन हिशेबनिसांना परवडणारी नव्हती. मोटारीचा पत्रा प्रचंड दाबयंत्रांत पोलादी ठशांमधून निघतो, आणि हे ठसे घडविण्याचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच सोसतो. त्यातही सर्वांत महागाचा भाग म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली आडवी भिंत. समोरची काच, दारांच्या बिजागऱ्या, स्टीअरिंग आणि डॅशबोर्ड यांचे स्थान तीच मुक्रर करीत असल्यामुळे ती बदलणे म्हणजे जवळजवळ नवी गाडी निर्माण करणे. म्हणून नजरेआडचा सांगाडा सामायिक ठेवायचा आणि नजरेसमोरचा पत्रा ज्याचा त्याला द्यायचा, असा शिरस्ता पडला. सामायिक प्लॅटफॉर्म म्हणतात तो हाच.

1966 साली त्याचा जो प्रयोग झाला तो आजही विस्मयकारक वाटतो. ‘ई’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या एकाच बॉडीच्या अंतर्भागावर ब्यूकने नवी रिव्हिएरा आणि ओल्डस्मोबीलने टोरोनॅडो उभी केली, व पुढल्या वर्षी कॅडिलॅकची एल्डोराडो त्यांना येऊन मिळाली. रिव्हिएराचे इंजिन रूढ पद्धतीने मागची चाके फिरवी. उलट टोरोनॅडोचे सात लिटरचे अजस्र इंजिन पुढची चाके ओढत असे, आणि 1937 मध्ये कॉर्ड गाडी बंद पडल्यानंतर पुढच्या चाकांनी चालणारी ही पहिलीच अमेरिकन मोटार होती. इंजिन उभेच ठेवून गिअरबॉक्स त्याच्या कुशीला बसविला आणि दोघांना रुंद साखळीने जोडले. त्यामुळे आतली जमीन सपाट झाली. मिचेल यांना ही गाडी मध्यम आकाराच्या सांगाड्यावर हवी होती, ती मंजुरी मिळाली नाही. तरीही तिन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्यांचे रक्ताचे नाते अनभिज्ञ माणसाच्या ध्यानात येणार नाही, इतके त्यांचे चेहरे, कडा आणि प्रकृती भिन्न आहेत.

पण काटकसर आणि कल्पकता यांचा खरा संगम 1969 च्या पाँटिअ‍ॅक ग्राँ प्रीत झाला. तोपर्यंत ही गाडी मोठ्या सांगाड्यावर निघे आणि तिचा खप घसरत चालला होता. जनरल मोटर्सच्या या शाखेचे प्रमुख जॉन डिलोरियन यांनी ती मध्यम गाड्यांच्या ‘ए’ सांगाड्यावर आणण्याची तजवीज केली. त्या सांगाड्यावरील साध्या दोन दारांच्या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमध्ये 112 इंच अंतर असे. ग्राँ प्रीत ते 118 केले. ही वाढ प्रवाशांच्या वाट्याला आली नाही, मागच्या बाकाला मिळाली नाही. ती त्या महागड्या भिंतीच्या पुढे, दार आणि पुढचे चाक यांच्यामध्ये घातली गेली. भिंतीमागचे पुष्कळसे तसेच राहिले, बॉनेट मात्र जवळजवळ सहा फूट लांब झाले आणि गाडीला तालेवार घराण्याची ऐट आली. आदल्या वर्षी 32 हजारांच्या आत असलेला आकडा 1 लाख 12 हजारांवर गेला. लगोलग 1970 साली शेव्हरोलेने त्याच युक्तीने, 116 इंचांची माँटे कार्लो काढली, आणि जी प्रतिष्ठा केवळ श्रीमंतांच्या आवाक्यात होती ती पगारदाराच्या दारी आली.

फोर्डमध्ये ली आयकोका यांनी थंडरबर्डच्या सांगाड्यावर रोल्स रॉइसच्या धर्तीची उभी जाळी चढवून लिंकन मार्क थ्री सिद्ध केली. थंडरबर्ड स्वतः 1977 मध्ये मध्यम सांगाड्यावर उतरली आणि स्वस्त होऊन एका वर्षात 3 लाखांवर खपली.

मग इंधनाची टंचाई, सरकारी दंडक आणि लहान गाड्यांचा ध्यास आला. पेट्रोल महागच होत जाणार असे गृहीत धरून जनरल मोटर्सने 1986 साठी रिव्हिएरा, टोरोनॅडो आणि एल्डोराडो यांचा आकार कापला. आसांमधले अंतर 114 वरून 108 इंचांवर आले, आणि इंजिन आता आडवे बसविल्यामुळे पुढचे चाक दाराला जवळजवळ भिडले. ज्या इंचांत या जातीचे सारे वैभव साठलेले होते तेच नाहीसे झाले. त्यातच मागची काच आणि छपराची रेषा कंपनीच्याच निम्म्या किमतीच्या लहान गाड्यांसारखी निघाली. म्हणजे सांगाडा निराळा असूनही रूप सारखे, हा जुन्या शिरस्त्याचा नेमका विपर्यास होता. रिव्हिएरा 65 हजारांवरून एका वर्षात 22 हजारांवर कोसळली.

1989 साली ब्यूकने तिची लांबी सुमारे 11 इंचांनी वाढविली आणि खप आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक झाला. परंतु वाढ प्रामुख्याने शेपटाकडे होती, कारण आडव्या इंजिनाने पुढे जागा ठेवलीच नव्हती. 1995 ची अखेरची रिव्हिएरा मोठी आणि डौलदार होती, तिच्यावर मन लावून काम झाले होते हे तिच्या प्रत्येक वळणात दिसते. इंजिन मात्र तिचेही आडवेच होते, आणि 1999 च्या मॉडेलनंतर ती बंद झाली.